शेषेराव काका ताट घेऊन आले

आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत. ते रोज दुसऱ्याच्या घरी जेवायला जातात आणि त्या घरचं मीठसुद्धा खात नाहीत. स्वतःच्या घरून स्वतःचं ताट भरून आणतात, वर दुसरं ताट पालथं झाकलेलं. कडी दोनदा वाजवायची, चपला काढायच्या आणि दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून खाली बसायचं. मग घरातलं सगळ्यात लहान लेकरू कुठे आहे ते बघायचं आणि त्याच्यासमोर बसून जेवायचं. त्याला काही द्यायचं नाही, भरवायचं नाही, नुसतं जेवायचं. जेवण झालं की ताट उचलून "चला, डबल बेल!" म्हणत निघून जायचं.

हे आमचे शेषेराव काका.

लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतोय. माझं माहेर भोकरचं. तिकडे काही तऱ्हेवाईक माणसांची कमी नाही, पण निदान ती आपापल्या घरात जेवतात.

काका एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी लातूर-अहमदपूर गाडीवर गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातून गाडी काही उतरत नाही. अजून खाकी शर्ट घालतात. उभ्याने बोलायला लागले की एक हात आपोआप वर जातो, दांडी धरायला. गल्लीत आम्ही दोघी-तिघी बोलत उभ्या असलो तर "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय" असं म्हणत मधून निघून जातात. मागे म्हाताऱ्या पाटलीणबाईंची भिंत असते, जागा कुठली असायला!

लेकरांच्या जेवणाबद्दल मात्र त्यांचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते कुणी विचारलं नाही तरी सांगतात.

"लेकराला चारायचं न्हाई, लेकी. लेकरासंगं जेवायचं. लेकरू आदी डोळ्यानं जेवतंय, मग तोंडानं."

दुसरा कायदा भुकेचा. "स्टँडावर पॅसेंजर यायच्या आदीच गाडी सोडली, तर रिकामी जाईल का न्हाई? मग? भूक तरी लागू द्या की त्याला!"

आणि तिसरा सगळ्यात कडक. "हात दाखवला की गाडी थांबली पायजे." म्हणजे लेकराने हात आडवा केला, मान फिरवली, की घास तिथेच थांबवायचा. अजून एक घास चिऊचा, एक काऊचा, ते बिलकुल चालायचं नाही. चिऊ-काऊ बिगर तिकिटाचे आहेत म्हणतात.

आता हे सगळं नेहमी बरोबरच निघतं असं काही नाही हं. एकदा एका घरी लेकरासमोर बसून काका हिरव्या मिरचीचा ठेचा खात होते. चवीने, डोळे मिटून. डोळे मिटल्यामुळे लेकराने ताटात हात घातलेला त्यांना दिसलाच नाही. पोराने असा टाहो फोडला की गल्लीतली दारं उघडली. त्या घराने काकांना बरेच दिवस बंदी केली. काका त्याला "तो अपघात" म्हणतात. "गाडी रस्त्यावर हाय म्हटल्यावर एखादा अपघात व्हायचाच," असं वर आम्हालाच समजावतात. तेव्हापासून ठेचा मात्र ताटात नसतो.

या सगळ्याला मी खुशाल हसत होते. आमच्या ओवीची पाळी येईपर्यंत.

ओवी आमची लेक. वर्षाची होईपर्यंत गुटगुटीत होती. मग काय झालं कोण जाणे, तिने तोंडच बंद केलं. वरणभात बघितला की ओठ घट्ट. अंगणवाडीत वजन करायला नेलं की काटा आहे तिथेच. आणि एक दिवस अंगणवाडीच्या ताईंनी तक्त्यावर ठिपका दिला तो हिरव्या पट्ट्यातून घसरून पिवळ्यात. "लक्ष द्या हं," एवढंच त्या बोलल्या. मला वाटलं, भर बाजारात कुणीतरी मला नापास केलं.

लक्ष द्या म्हणजे आणखी किती द्यायचं? मी पतसंस्थेत नोकरीला. संध्याकाळी घरी आले की पर्ससुद्धा न ठेवता वाटी घेऊन तिच्यामागे. ती पुढे, मी मागे, माझ्यामागे सासूबाई पाण्याचा पेला घेऊन. शेवटी मोबाइल लावायचा. त्यात ती उड्या मारणारी कार्टी गाणी म्हणायला लागली की ओवीचं तोंड उघडं पडायचं. तेवढ्यात चमचा आत. काय खाल्लं, तिला पत्ता नाही. अर्ध्याच्यावर गालात साठवून ठेवायची आणि मोबाइल बंद केला की माझ्याच साडीवर परत. अक्षरशः नाकी नऊ आणले होते तिने.

आईचा भोकरहून रोज फोन. "पोरगी वाळून राहिली आणि तू काय करून राहिलीस?" असा राग यायचा! फोन ठेवून मी मोरीत जाऊन रडायचे.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाते?"

"काहीच खात नाही हो," मी म्हटलं.

"सकाळी उठल्यावर?"

"दुधाची बाटली. मग अण्णा, म्हणजे माझे सासरे, चहा घेतात ना, त्यात बुडवून बिस्किट. मग परत बाटली. दुपारी झोपायला बाटली. मधे शेजारच्या बायका पुडीतलं कुरकुरीत काहीतरी देतात. अण्णांचा चारचा चहा असतो, तेव्हा परत बिस्किटं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दिवसभर खाते. फक्त जेवत नाही."

बाटली बंद, दूध कपाने आणि मोजकंच. बिस्किटं बंद, पुड्या बंद, जेवताना मोबाइल बंद. घरात जे शिजतं तेच मऊ करून, तूप, डाळ, दाण्याचं कूट, अंडं घालून, आणि सगळ्यांबरोबर बसवून. "दिवाळीपर्यंत बघू," ते म्हणाले. "वजन हललं नाही, तर ठेवून घेऊन तपासण्या कराव्या लागतील."

ठेवून घेऊन! नवऱ्याच्या स्कूटीवर मागे बसून घरी येईपर्यंत मी ओवीला अशी आवळून धरली होती की तिनेच मला बोचकारलं.

पहिली संध्याकाळ तर विचारूच नका. मोबाइल नाही म्हटल्यावर ओवीने घर डोक्यावर घेतलं. मी तिला गुडघ्यांत दाबून चमचा तोंडाशी नेला, तिने तो उडवला, वरण भिंतीवर. सासूबाई म्हणाल्या, "अगं मोबाइल लाव, मरू दे." नवरा, महेश, म्हणाला, "लाव बाई." मी म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही मोबाइलला!" आणि मीही रडायला लागले. दोघी मायलेकी सूर लावून.

तेवढ्यात कडी दोनदा वाजली.

शेषेराव काका ताट घेऊन आले. रडणाऱ्या दोघींकडे त्यांनी एकदा बघितलं, चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावून बसले. झाकण काढलं. ज्वारीची भाकरी, वरण, वांग्याची भाजी, कांदा. कांदा जमिनीवर ठेवून त्यांनी बुक्कीने असा फोडला की ओवी दचकून गप्पच झाली.

आणि जेवायला लागले. भाकरी चुरली, वरण ओतलं, बोटांनी कालवलं, मोठा घास केला. मचमच तर एवढी की घरात दुसरा आवाजच नाही. माझं डोकंच फिरलं. इथे आमचं लेकरू वाळून चाललंय आणि हा माणूस खुशाल माझ्या घरात बसून कांदा खातोय!

"काका, द्या ना तिला एक घास," मी म्हटलं.

"मागितला का तिनं?"

"बोलता कुठं येतंय तिला अजून?"

"मग तिचा थांबा येऊ द्या. गाडी कुटं पळून चालली हाय?" एक घास गिळून म्हणाले, "तू जेवलीस का?"

मी? मी कुठली जेवते? ओवीचं झाल्यावर तिचं उरलेलं उभ्या उभ्या. महेश टीव्हीसमोर. अण्णा गोळ्या असतात म्हणून सातलाच. सासूबाई सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी. खरं सांगते, ओवीने या घरात कुणाला नीट बसून जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. तिने फक्त वाटी घेऊन धावणारी माणसं पाहिली होती.

"आणा आपापली ताटं," काका म्हणाले. "समदे खाली बसा. लेकराकडं कुणी बगायचं न्हाई."

बसलो. काय करणार? ओवीच्या पुढे एका ताटलीत चार चमचे कालवलेली भाकरी ठेवली. तिने ती पालथी केली. काका म्हणाले, "डबल बेल," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी मनात म्हणत होते, दिवाळीपर्यंत हा म्हातारा जाड होणार आणि माझी पोर दवाखान्यात जाणार.

मग एका संध्याकाळी ओवी ढुंगणावर सरकत सरकत काकांच्या ताटाशी गेली. थोडा वेळ त्यांच्या जबड्याकडे बघत राहिली. आणि हात घालून वरणात भिजलेला भाकरीचा तुकडा तिने उचलला. माझ्या तोंडून "अगं बया" निघणार, तेवढ्यात काका हळूच पुटपुटले, "बगू नका. कुणीच बगू नका तिकडं."

आम्ही सगळे वर बघायला लागलो. महेश पंख्याकडे, सासूबाई पालीकडे, मी ट्यूबलाइटकडे. सगळे माना वर करून चावतायत. कुणी दारातून बघितलं असतं तर वाटलं असतं, या घरात जेवणाआधी छताची पूजा करतात. ओवीने तुकडा तोंडात घातला. चावला. आणि सवयीप्रमाणे गालात ठेवून बसली.

काकांनी मान खाली केली, एक हात वर नेला, दांडी धरली आणि खणखणीत आवाजात ओरडले, "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय!"

ओवी खुदकन हसली. हसता हसता गिळलं. आणि परत ताटात हात घातला. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि ट्यूबलाइटवरून नजर हलवायची सोय नव्हती.

त्यानंतर गाडी हळूहळू सुरू झाली. काही दिवस काकांच्या ताटातून, मग स्वतःच्या. अंगावर, केसात, कानात भात. काका म्हणायचे, सांडू द्या, टपावर पण पॅसेंजर असतात. चौथ्या-पाचव्या घासाला तिने हात आडवा केला की मी कासावीस व्हायचे, अजून एक तरी घे गं बाई. काका डोळे वटारायचे. "हात दाखवलाय तिनं." मी घास परत ताटात ठेवायचे. जिवावर यायचं, पण ठेवायचे.

सगळ्यात जास्त परेशान झाले ते अण्णा. नातीबरोबर चहात बिस्किट बुडवणं हे त्यांच्या आयुष्यातलं एकुलतं एक व्यसन. चारच्या सुमाराला काका अचानक येऊन दारात उभे राहायचे. "चेकिंग हाय!" अण्णा कोपरीच्या खिशावर हात दाबून बसायचे. काका त्यांच्याकडे बघायचेच नाहीत, सरळ ओवीसमोर बसून तिचं तोंड बघायचे. ओठाला चुरा.

"अण्णा, पॅसेंजर बिगर तिकिटाचं बसवलंव का न्हाई?"

"एकच दिलं हो. अर्धं!"

"अर्धं तिकीट बी तिकीटच असतंय."

शेवटी तडजोड झाली. चारला बिस्किटाऐवजी आजोबा आणि नात मिळून दाण्याचा लाडू खातील. अण्णांना दात कमी, ओवीला दात कमी, लाडू दोघांना पुरून उरायचा.

ओवी बोलायलाही लागली त्याच दिवसांत. सगळ्यांची लेकरं आई म्हणतात, बाबा म्हणतात. आमचं रत्न कुणीही तोंडात घास घातला की बोट दाखवून म्हणायचं, "आत सलका."

दिवाळीच्या आधी अंगणवाडीत वजन. मी रजा काढून गेले. ओवीला वजनाच्या पाळण्यात बसवलं. काटा हलला, स्थिर झाला, ताईंनी तक्ता काढला आणि ठिपका दिला. हिरव्यात! अगदी काठावर, पण हिरव्यात. डॉक्टरही म्हणाले, छान चाललंय, असंच चालू ठेवा, आता ठेवून घ्यायची गरज नाही. माझ्या जिवात जीव आला. तशीच ओवीला कडेवर घेऊन काकांच्या दारात गेले.

"काका, हिरव्यात आली!"

त्यांनी ओवीच्या गालाला बोट लावलं. "आली का? बरं झालं." मग म्हणाले, "मंग आता या घरची ड्यूटी संपली."

मला वाटलं, गंमत करतायत. पण दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. आणि गल्लीत दुसरं घर तरी कुठलं राहिलं होतं? ठेच्याचा अपघात झालेला पोरगा आता शाळेत जातो, त्याच्या शेजारचे जुळे आईबापाबरोबर नांदेडला गेले. ओवी मात्र रोज जेवताना दाराकडे बघायची आणि काकांच्या भिंतीला बोट दाखवायची.

मधे एकदा भाजीच्या गाड्यावर भेटले. खाकी शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "काका, आता तुम्हाला पाळण्यात घालून वजन करावं लागतंय." हसले. "जुनी गाडी हाय, लेकी. डेपोत लागली," म्हणाले आणि एक कांदा घेऊन गेले. नुसता एक कांदा. तो मला घरी येईपर्यंत खुपत राहिला.

मग आली वेळ अमावास्या. त्या दिवशी लातुरात चिटपाखरू नसतं, सगळी माणसं शेतात पूजेला आणि जेवायला. काकांना आम्ही आदल्या दिवशीच म्हटलं होतं, चला आमच्याबरोबर. "न्हाई, मी माज्या गावाकडं जाणार हाय," म्हणाले. आम्ही अहमदपूरच्या वाटेवरच्या आमच्या शेतात गेलो. सगळ्या भाज्या-डाळी घोटून केलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, तिळाच्या पोळ्या. ओवीने हाताने भज्जी खाल्ली आणि बिबट्यासारखी रंगली. दिवेलागणीला परत आलो, तर काकांच्या खिडकीत उजेड.

"गावाला गेले नाहीत की काय?" सासूबाई म्हणाल्या. मी डब्यात भज्जी आणि उंडे भरले, ओवीचं बोट धरलं आणि गेले.

दार उघडंच होतं. काका भिंतीला पाठ लावून बसले होते. समोर ताट. भाकरीचा एक घास मोडलेला. वरणावर साय धरलेली. समोरच्या भिंतीजवळ एक रिकामा पाट मांडलेला.

"काका, जेवला नाहीत?"

"जेवतो की." असं म्हणून ते तसेच बसून राहिले. मग त्या पाटाकडे बघत म्हणाले, "सुशीला समोर बसायची बग. मूलबाळ न्हाई आमाला, दोगंच. मी पयला घास घेतल्याबिगर ती घ्यायची न्हाई. ती गेली, तवापासून एकट्यानं आतच सरकत न्हाई. घास तोंडात फिरत राहतोय नुसता. लेकराम्होरं बसलं की जातंय."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही आमच्या ओवीला जेवायला शिकवायला..."

"तिला बी भूक लागंना, मला बी लागंना," काका म्हणाले. "दोगं बी जेवत होतो की, लेकी."

"मग आलात का नाही हो परत? आम्ही काय परके आहोत?"

"ती जेवाय लागली. आता कोणत्या तोंडानं यायचं?"

मला त्यांचा राग आला आणि मायाही आली. मी डबा उघडून खाली ठेवला. तोवर ओवीने माझं बोट सोडलं होतं. ती सरळ जाऊन त्या रिकाम्या पाटावर बसली, मांडी घालून, काकांच्या बरोबर समोर. डब्यातला उंडा उचलला, भज्जीत बुडवला आणि खायला लागली. मचमच करून. काकांकडे बघतसुद्धा नव्हती.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच तो मोडलेला घास उचलला, भज्जीला लावला आणि तोंडात घातला. चावत राहिले, चावत राहिले. खाली जाईना.

ओवीने खाणं थांबवलं. एक हात वर केला, दांडी धरली.

"आत सलका," ती ओरडली. "मागं जागा हाय!"

काकांनी गिळलं. डोळे पुसले, नाक पुसलं आणि दुसरा घास मोडला. ओवीने स्वतःच्या हातातला अर्धा उंडा त्यांच्या तोंडाशी नेला, तो घेतला. अजून एक नेला, तोही घेतला. मी बघत होते. डबा रिकामा होईपर्यंत काकांनी हात काही दाखवला नाही.